एरवी इथून दिसतं

पावसाच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला कुणी शहाणपण शिकवू नये, असं आमच्या घराण्याचं मत आहे. आमचं गाव आंबोली घाटाच्या पायथ्याशी. वर आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा, उतारावरून का होईना, आमच्या मागल्या दारी येतो. त्यामुळे नॉर्वेची क्रूझ ठरली आणि सहलवाल्यांच्या सामानाच्या यादीत वॉटरप्रूफ जाकीट, वॉटरप्रूफ पँट, वॉटरप्रूफ बूट असं ओळीनं वाचलं, तेव्हा मला हसू आलं. बर्गन म्हणे युरोपातल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक. आकडा पाहिला तर २,५०० मिलिमीटरच्या आतबाहेर. एवढा तर आंबोलीत एखाद्या जुलैतच आटपतो.

"अहो, पण तिथं थंडी असते," बायको म्हणाली.

"पाऊस तो पाऊस," मी म्हणालो आणि दादरला जाऊन घडीची एक छत्री घेऊन आलो. बूट कापडी. पायाला हलके.

आमच्या ग्रुपमध्ये सांगोल्याचे एक डाळिंबवाले होते. त्यांच्या तालुक्यात पावसाची वाट बघण्यात पिढ्या गेल्या, पण गड्यानं सामानाची यादी अक्षरन् अक्षर पाळली होती. भडक नारिंगी जाकीट, गुडघ्याखाली चेन असलेली पँट, घोट्याच्या वर येणारे बूट. पहिल्याच संध्याकाळी डेकवर त्यांनी मला न्याहाळून विचारलं, "सायेब, तुमी जाकीट न्हाई आणलं?"

"आम्ही कोकणातले. आम्हाला काय पावसाचं?"

"आसं हुय," ते आदरानं म्हणाले. हा आदर मला पुढे फार महागात पडला, कारण तो टिकवायचा होता.

गेइरांगरच्या फ्योर्डमध्ये जहाज पहाटे शिरलं. १५ किलोमीटर लांबीचा हा चिंचोळा फाटा, दोन्ही अंगांना उभे कडे, २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. फोटोंत दिसतो तो हाच. आम्हाला कड्यांचे पाय दिसले. वरचं सगळं ढगात. 'सेव्हन सिस्टर्स' या धबधब्याच्या सात धारा शेजारीशेजारी कोसळतात आणि समोरच्या कड्यावर 'सूटर', म्हणजे लग्नाला उभा राहिलेला, असा एक धबधबा आहे. त्यानं सातही बहिणींना मागणी घातली, सातही जणींनी नकार दिला, तेव्हा तो बाटलीच्या नादी लागला, अशी दंतकथा. त्याच्या धारांमध्ये बाटलीचा आकार दिसतो म्हणे. आम्ही बहिणींची फक्त पावलं पाहिली, बाटलीचं बूड पाहिलं आणि नाश्त्याला गेलो.

तिथून बसनं डाल्सनिब्बाला. सुमारे १,५०० मीटर उंचीचा डोंगर, अगदी माथ्यापर्यंत घाटरस्ता, टोल भरायचा आणि वर बांधलेल्या सज्जावरून खाली थेट फ्योर्ड बघायचा. वळणामागून वळण येत होतं आणि गाईड पोरगी माइकवर मनापासून माहिती देत होती. आमचा टूर मॅनेजर तिचं मराठी करायचा. "डावीकडे एरवी इथून दरी दिसते." सगळे डावीकडे. खिडकीवर पांढरं. "उजवीकडे एरवी इथून हिमशिखरं दिसतात." सगळे उजवीकडे. पांढरं. चौथ्यापाचव्या 'एरवी'ला मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "मग आम्हाला एरवीच आणायचं होतं!"

वर उतरलो तर पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी आडवं येत होतं. टूर मॅनेजर स्वच्छतागृहाच्या रांगेत. सज्जावर आमची मंडळी उभी, चहूकडे धुकं. डाळिंबवाल्यांनी मला विचारलं, "सायेब, त्यो फ्योर्ड कंच्या अंगाला?"

वास्तविक मला माहीत नव्हतं. पण मी माहितीपत्रक वाचलं होतं आणि माझ्या हातात छत्री होती. हातात छत्री असली की मला दिशा दाखवाव्याशा वाटतात. मी ती मिटली, पुढे केली आणि सांगितलं, "ही अशी खाली दरी. त्या टोकाला गेइरांगर गाव. आणि पाण्यात जो ठिपका दिसला असता, ते आपलं जहाज." सगळ्यांनी त्या दिशेनं फोटो काढले. ठाण्याच्या एका बाईंनी माझं निवेदन व्हिडिओत घेतलं. मी आणखी खुललो. हिमयुगात हिमनद्यांनी ही दरी कशी खरवडली, मग तीत समुद्र कसा आत आला, हे मी धुक्याकडे छत्री करून सांगत होतो. ही माहिती खरी होती. दिशा नव्हती.

कारण अर्ध्या मिनिटापुरतं धुकं फाटलं. माझ्या छत्रीच्या टोकासमोर पार्किंग होतं. तिथं आमची बस उभी होती आणि ड्रायव्हर पावाला चीज लावून खात होता. आम्ही बघतोय हे पाहून त्यानं हात केला. फ्योर्ड आमच्या पाठीमागे होता. "आरं द्येवा!" असं डाळिंबवाले ओरडले, सगळे वळले, मीही वळलो. पण माझ्या चष्म्याच्या काचा थेंबांनी भरलेल्या. रुमाल काढला तर तो काचांपेक्षा ओला. शर्टाच्या टोकानं पुसून चष्मा परत लावेपर्यंत पडदा पडला होता. आमच्या अख्ख्या बसमध्ये गेइरांगरचा फ्योर्ड वरून न पाहिलेला मी एकटाच.

"असा हिरवा!" बायको सांगत होती. "आणि आपलं जहाज केवढुसं!"

मी छत्री उघडली ती उलटी होऊनच. उलटलेली छत्री वाऱ्याकडे तोंड करून झटक्यात सुलटी करायची विद्या मला लहानपणापासून येते. पण आमच्याकडचा वारा एका बाजूनं येतो, समुद्राकडून. इथं तो चारी बाजूंनी आळीपाळीनं येत होता. चार काड्या गेल्या. उरलेल्या मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो.

ओलेसुंडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९०४ च्या जानेवारीत एका रात्री हे लाकडी गाव जवळजवळ सगळं जळालं, सुमारे दहा हजार माणसं उघड्यावर आली आणि मग तीनेक वर्षांत दगड-विटांचं, मनोरे नि वेलबुट्ट्यांचं, आर्ट नूव्हो शैलीतलं नवं गाव उभं राहिलं. फार सुंदर आहे. ती आग ऐकताना मला क्षणभर ऊब वाटली, याची लाज वाटते. अक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या डाळिंबवाले चढून आले. मी खाली एका दाराच्या वळचणीला उभा राहून मनोरे पाहिले.

आता बर्गन. अटलांटिकवरून आलेले दमट वारे इथल्या डोंगरांना अडतात, वर चढतात, गार होतात आणि रिकामे होतात. सह्याद्रीवर होतं तेच. पण आमचा पाऊस कोसळतो, मोकळा होतो, घरी येऊन डोकं पुसलं की चहा. बर्गनचा पाऊस कोसळतच नाही. तो नऊ-दहा अंशांच्या हवेतून बेतानं येतो, मोज्यात शिरतो आणि तिथंच बसतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीपासून या गावात सलग ८५ दिवस पाऊस पडला होता, हे गाईडनं अभिमानानं सांगितलं. त्या स्वरात मला माझाच स्वर ऐकू आला आणि मी गप्प बसलो.

छत्री गेली होती. बंदरावरच्या दुकानातून पारदर्शक प्लास्टिकचा पोंचो घेतला. रुपयांत त्याची किंमत काढू नये, असं बायकोनं बजावलं होतं, मी काढली. घाईत डोकं बाहीच्या भोकातून बाहेर काढलं. त्यामुळे टोपडं खांद्यावर, त्यात पाणी साचणार आणि मान वळवली की ते डाव्या कोपरातून वाहणार. या अवस्थेत मी ब्रिग्गन पाहिलं. लांड्रीतून आलेल्या सफारीसारखा दिसत होतो, फक्त आतली सफारी ओली.

ब्रिग्गन मात्र खरंच आवडलं. धक्क्यावर ओळीनं उभी तांबडी-पिवळी लाकडी घरं, एकमेकांच्या आधारानं कललेली. चौदाव्या शतकापासून सुमारे चारशे वर्षं इथं हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांचा तळ होता. आजची घरं १७०२ च्या आगीनंतरची, पण जुन्याच बेतानं बांधलेली. आगीच्या भयानं या घरांत विस्तव पेटवायलाच मनाई असे. स्वयंपाक आणि शेकोटी मागे, वेगळ्या खोल्यांत. म्हणजे बर्गनच्या हिवाळ्यात तो बिचारा शिकाऊ पोरगा कुडकुडत हिशेब लिहायचा. आणि धंदा कसला? सुक्या माशांचा. उत्तरेकडे लोफोतेनमध्ये कॉड मासा मीठ न लावता, लाकडी मांडवांवर वाऱ्यात टांगून वाळवतात, तो इथून युरोपभर जायचा. बोळाच्या आतल्या चौकात लाकडाचा भलामोठा सुका मासा कोरून ठेवलाय. आमच्याकडे वलांडीवर बोंबील टांगतात तसंच हे, असं मी डाळिंबवाल्यांना सांगितलं. या वेळी दिशा दाखवायची नव्हती, त्यामुळे बरोबर निघालं.

तेवढ्या यशानं हुरूप आला आणि मी फ्लोयनला जायचं काढलं. १९१८ पासून चालू असलेली ही डोंगररेल्वे गावातून निघते आणि काही मिनिटांत ३२० मीटरवर पोचवते. वरून सगळं बर्गन, सात डोंगर आणि बेटं दिसतात. एरवी.

वर धुक्यात आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. मला वाटलं, मागून बायको पोंचो ओढतेय. "थांब गं, उघडेल आत्ता," मी म्हणालो. पुन्हा ओढ. "अगं फाटेल!" मागे वळलो. तिथं लांब शिंगांचा एक पांढरा बोकड होता. फ्लोयनवर उन्हाळ्यात काश्मिरी शेळ्या मोकळ्या चरतात. त्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात, म्हणजे त्या कुठे उभ्या आहेत हे कुणाला तरी पक्कं माहीत असतं. त्यानं पोंचोची कड तोंडात धरली होती आणि चव घेत होता. मी ओढलं, त्यानं ओढलं, प्लास्टिकनं त्याची बाजू घेतली.

बायको पाच पावलांवर उभी राहून शूटिंग करत होती.

जहाजाच्या दारात कार्ड लावलं की पडद्यावर आपला पहिल्या दिवशीचा फोटो येतो. माझ्या फोटोत गॉगल कपाळावर आणि चेहऱ्यावर कोकणी आत्मविश्वास. पहारेकऱ्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग बायकोकडे. तिनं मान हलवली, तेव्हा मला आत सोडलं.

केबिनमध्ये बुटांत बोळे भरायला वर्तमानपत्र शोधलं, नव्हतं. मग उद्याच्या कार्यक्रमाची पत्रकं कोंबली आणि दोन ब्लँकेटं ओढून पडलो. जहाज सुटल्यावर तासाभरात ऊन पडलं. तिकडे जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. सगळा ग्रुप डेकवर, आणि मी नाकाला विक्स चोळत, डाळिंबवाले ग्रुपवर टाकत होते ते फोटो एकेक करून आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवत होतो. सोन्यासारखी बेटं, निळं पाणी, वर ढगाचा टिपूस नाही. खाली लिहिलं, 'आत्ताच डेकवरून काढले.' चष्मा तेव्हाही वाळत होता.

पुतण्याचा मेसेज आला. "काका, भारीच! पण तिसऱ्या फोटोत तुमच्या जागी नारिंगी जाकिटातले गृहस्थ कोण? आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवलाय त्या बाई?"

बायको तेवढ्यात डेकवरून आली. तिनं माझा फोन घेतला, वाचला आणि खुर्ची ओढून बसली.

"तुम्ही पडा हो," ती म्हणाली, "त्याला मी लिहिते. आणि तो बोकडाचा व्हिडिओ कुठे गेला?"