अंगठा पातलीपाड्यात, ठसा ऐरोलीत

एकाच ई-मेलमध्ये दोन परिच्छेद. पहिल्यात आनंदाची बातमी: कंपनीचा शेवटचा सर्व्हरही क्लाउडवर गेला, आता ऑफिसात कंपनीचं म्हणून काही उरलं नाही, सगळं काम कुठूनही, कधीही, कोणत्याही लॅपटॉपवरून होऊ शकतं. दुसऱ्यात आणखी एक आनंदाची बातमी: येत्या सोमवारपासून सर्वांनी आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायचं. सकाळी साडेनऊला. ऑफिस घोडबंदर रोडवर, पातलीपाड्याच्या जरा पुढे. दोन परिच्छेदांच्या मध्ये ‘त्यामुळे’ होतं की ‘तरीही’, यावर कर्मचाऱ्यांत अजून वाद आहे. मी तो मेल पाहिलाय. मध्ये नुसती एक रिकामी ओळ होती.

त्या दिवशी केकही कापला. निळं आयसिंग, वर क्रीमचा पांढरा ढग. साडेअकराला कापायचा केक अडीचला कापला, कारण तो मानपाड्याला अडकला होता. निदान तेव्हा तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडायला हरकत नव्हती.

ही कंपनी कोणती, ते विचारू नका. घोडबंदरला नोकरी करणाऱ्या कुणालाही ती आपलीच वाटेल. तिच्या ऑफिसात पूर्वी एक काचेची खोली होती. आत बोचरा एसी, लुकलुकते हिरवे दिवे, बाहेर ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी. देवघरासारखा मान होता खोलीला. सर्व्हर गेले आणि खोली रिकामी झाली. आता तिला ‘कोलॅबरेशन झोन’ म्हणतात. तिथे सहा जण शेजारी शेजारी बसून, कानाला हेडफोन लावून, पुण्यात घरी बसलेल्या मॅनेजरशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. एकमेकांशीसुद्धा त्याच कॉलवर बोलतात, कारण हेडफोन काढून बोललं तर मिनिट्समध्ये येत नाही.

आमचे एक स्नेही तिथे आहेत. राहायला ऐरोलीला. त्यांच्या गॅलरीतून एक भलीमोठी, करडी, बिनखिडक्यांची इमारत दिसते. गच्चीवर कूलिंगच्या यंत्रांची रांग, बाजूला डिझेलचे जनरेटर, दारावर नाव नाही आणि वॉचमन कुणाशी बोलत नाही. डेटा सेंटर. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एकेकाळी धूर सोडणारे कारखाने होते, आता गरम हवा सोडणाऱ्या अशा इमारती आहेत. २०१५ ते २०१७ या काळात जगातल्या बड्या क्लाउड कंपन्यांनी आपापली यंत्रं मुंबई-पुण्याकडे आणून बसवली. त्याआधी आपला डेटा बहुतेक सिंगापूरला नांदायला जायचा. यंत्रांचा नेमका पत्ता या कंपन्या कुणाला देत नाहीत, बिलावर फक्त ‘मुंबई रीजन’ असं छापून येतं. पण मुंबई म्हणजे इथे नरिमन पॉइंट नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपल्या कंपनीचा सर्व्हर समोरच्याच इमारतीत आहे, असा आमच्या स्नेह्यांचा दावा आहे. पुरावा शून्य. पण रोज सकाळी गॅलरीत चहा पिताना ते त्या इमारतीकडे ज्या नजरेनं बघतात, ती पाहिल्यावर मीही ते मान्य करून टाकलंय.

तर हे गृहस्थ सकाळी साडेसातला त्या इमारतीकडे पाठ करून निघतात. ऐरोलीहून दिघ्यावरून ठाणं, लोकलनं दहा-बारा मिनिटं. इथवरचा प्रवास माणसाचा. पुढे पश्चिमेला बस नाहीतर शेअर रिक्षा, माजिवडा, कापूरबावडी, मग मेट्रो ४ चे खांब मोजत मानपाडा. खांब मोजायला भरपूर वेळ मिळतो. साडेनऊच्या आसपास ते ऑफिसच्या दारात उभे राहतात आणि थंब मशीनवर अंगठा ठेवतात.

आता नीट लक्ष द्या, इथेच सगळी गंमत आहे. थंब मशीनही क्लाउडवर गेलंय. अंगठ्याच्या रेघांचे आकडे होतात, ते आकडे फायबरमध्ये शिरतात आणि ‘मुंबई रीजन’ला, म्हणजे स्नेह्यांच्या हिशेबाप्रमाणे त्यांच्या गॅलरीसमोर, जाऊन पोहोचतात. तिथलं यंत्र म्हणतं, हो, हाच तो अंगठा. उत्तर परत पातलीपाड्याला येतं, हिरवा दिवा लागतो, एक बाई इंग्रजीत आभार मानते. एका शहराच्या आतल्या अशा फेरीला सेकंदाचा शंभरावा हिस्साही पुरतो. म्हणजे जो देह ऐरोलीहून इथे यायला दोन तास घेतो, त्याच देहाचा अंगठा डोळ्याचं पातं लवायच्या आत ऐरोलीला जाऊन परतही येतो. अंगठ्याचं वर्क फ्रॉम होम मंजूर आहे, उरलेल्या देहाचं नाही.

हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. कंपनीला नेमका अंगठाच हवा असेल तर तेवढाच पाठवायची सोय का करू नये? ऐरोली, दिघा, कळवा, डोंबिवली इथले सगळे अंगठे सकाळी एका डब्यात गोळा करावेत, डबा शेअर रिक्षात चौथ्या सीटवर ठेवावा, ऑफिसच्या दारात एकामागून एक ठेवून काढावेत आणि संध्याकाळी घरपोच आणून द्यावेत. पत्ता चुकून डोंबिवलीचा अंगठा दिघ्याला गेला तर थोडा घोळ होईल, पण सध्या माणसांचाही होतोच. महाभारतात एकलव्यानं अंगठा एकदाच दिला आणि तो मोकळा झाला. इथे रोज दोनदा द्यावा लागतो आणि साडेनऊनंतर दिला तर अर्धा दिवस कापतात. शिवाय पावसात अंगठा ओला असला की मशीन घेत नाही. अकाउंट्समधल्या एका बाईंचा अंगठा पहाटे नारळ खवताना कापला, तर चिकटपट्टी लावलेल्या त्या अंगठ्याला मशीननं आठवडाभर ओळख दाखवली नाही. आठवडाभर बाई समोर उभ्या, त्यांचा मॅनेजर समोर उभा, आणि कागदोपत्री त्या गैरहजर. पदवी, पदव्युत्तर पदवी, क्लाउडच्या दोन सर्टिफिकेट परीक्षा, आणि शेवटी सगळं येऊन टेकलं कशावर, तर अंगठ्यावर.

क्लाउडचा करार मी मुद्दाम वाचायला घेतला. वाचनीय आहे. बरेच विक्रेते ९९.९९ टक्के वेळ सेवा चालू राहील, असं लिहून देतात. गणित केलं तर वर्षभरात बंद राहायला साडेबावन्न मिनिटं मिळतात. नऊ एक कमी केला, म्हणजे ९९.९, तर पावणेनऊ तास. त्याहून जास्त बंद पडलं तर बिलात सूट. आता हाच करार घोडबंदर रोडला लावा. न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेला एक ट्रेलर गायमुखच्या घाटात आडवा झाला की वर्षाची साडेबावन्न मिनिटं एका संध्याकाळीच खलास, आणि पावणेनऊ तासांचा कोटा गणपतीच्या आत. सूट कुणाला? कुणालाच नाही. सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळले, म्हणजे रस्ता रुंद होईल म्हणाले. झाला. आता रुंद रस्त्यावर अडकतो. मीरा रोडहून येणारी एक मुलगी याच कंपनीत आहे. फाउंटन हॉटेलपासून घाट चढेपर्यंत तिनं गेल्या पावसाळ्यात बसमध्ये बसून क्लाउडची एक आख्खी सर्टिफिकेट परीक्षा दिली आणि पास झाली. विषय होता, लोड वाढला तर कोंडी कशी होऊ द्यायची नाही.

मग खर्च वाढला. वाढणारच. क्लाउडचं सूत्र म्हणजे वापराल तेवढं भरा. हे घोडबंदरकरांना शिकवायला सल्लागाराची गरज नाही, ते वर्षानुवर्षं टँकरचं पाणी पितात. ब्रोशरमध्ये चोवीस तास पाणी, प्रत्यक्षात दर फेरीचे पैसे, आणि महिन्याच्या शेवटी कमिटीच्या सभेत भांडण की एवढे टँकर आले कधी. कंपनीतही तेच भांडण झालं. दरपत्रक डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी, रुपया घसरला की काही न वापरता बिल चढतं. डेटा आत टाकायला फुकट, बाहेर काढायला पैसे. म्हणून सल्लागार बोलावला. त्याचे पैसे बिलाहून फार कमी नव्हते.

सल्लागारानं महिनाभरात एक यंत्र शोधून काढलं. नाव ‘टेस्ट-२-फायनल’. तीन वर्षं अखंड चालू. महिन्याचे धरतात ते सगळेच्या सगळे ७३० तास. त्यावर काय चालतं, कुणाला ठाऊक नाही. ज्यानं चालू केलं तो नोकरी सोडून कॅनडाला गेला. बंद करू का, असं विचारल्यावर सगळे खाली बघू लागले. न जाणो, पगार त्यावरच निघत असतील! शेवटी ठरलं, राहू दे. त्याला कुणी थंब विचारला नाही.

बाकीच्या यंत्रांसाठी मात्र सल्लागारानं फार प्रेमळ शिफारशी केल्या. रात्री आठनंतर आणि शनिवार-रविवार चाचणीची यंत्रं बंद ठेवा, उगाच का झिजवायची? काम वाढलं तर आपोआप जादा यंत्रं जोडली जातील, कमी झालं तर जातील. कुठल्याही यंत्रावर सत्तर टक्क्यांहून जास्त ताण येऊ देऊ नका. वाचताना माझा घसा दाटून आला. मग मात्र संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. यंत्रावर सत्तर टक्के ताण आला की धोक्याची घंटा वाजते, त्याच्या मदतीला मिनिटा-दोन मिनिटांत दुसरं यंत्र येऊन उभं राहतं. माणसावर दीडशे टक्के ताण आला की त्याला ‘ओनरशिप घे’ म्हणतात. यंत्र रात्री आठला झोपतं, आणि ते नीट झोपलंय ना हे बघायला माणसाला रात्री अकराला फोन येतो. यंत्राचा हिशेब सेकंदावर होतो. माणूस रोज चार तास रस्त्यावर सांडतो, त्याचा हिशेब कुठल्याच डॅशबोर्डवर नाही, कारण तो खर्च कंपनीचा नाही. स्वस्तातलं, उरलंसुरलं यंत्र हवं असेल तर ‘स्पॉट’वर मिळतं. ते काढून घेताना विक्रेता दोन मिनिटांची नोटीस देतो, आणि सगळे ते समजून घेतात. माणसाला नोकरी सोडायची असेल तर नोटीस नव्वद दिवसांची, आणि ते नव्वदही दिवस पातलीपाड्याला येऊन थंब मारायचा. असल्या कंपनीत यंत्र म्हणून लागायला परीक्षा कुठली द्यावी लागते, तेवढं कुणी सांगावं.

आणि हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. मार्च २०२० मध्ये याच कंपनीनं एका आठवड्यात सगळ्यांना घरी पाठवलं होतं. कुणी देवरुखच्या पडवीतून, कुणी जळगावच्या माळ्यावरून, रेंज येईल तिथे स्टूल टाकून काम केलं. सर्व्हर तेव्हा त्या काचेच्या खोलीत होते. म्हणजे सर्व्हर ऑफिसात होते तेव्हा माणसं घरी होती. सर्व्हर ऑफिसातून गेले, तर माणसं आणून बसवली. खोली रिकामी बघवत नसावी.

परवाच्या बुधवारी कळस झाला. सकाळी दहाच्या सुमारास रस्त्यावर कसलं तरी खोदकाम चाललं होतं. कुणाचं, ते खड्ड्याशेजारी लिहिलेलं नसतं. जेसीबीनं फायबर तोडली. ऑफिसचं नेट गेलं. दुसरी लाइन होती, पण तीही त्याच खड्ड्यातून आलेली. अडीचशे माणसं जागेवर, लॅपटॉप चालू, एसी चालू, आणि क्लाउड ९९.९९ टक्के सुरक्षित, ऐरोलीत, कुणाच्याही हाताबाहेर. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय. खरंच होतं त्याचं. आमचे स्नेही म्हणाले, आमच्या गॅलरीतूनही हिरवंच दिसत असणार.

साडेअकराला मेल आला. अर्थात मोबाइलवर. ‘सेवेत सातत्य राखण्यासाठी सर्वांनी तातडीने घरी जाऊन काम सुरू करावे.’ अडीचशे जण एकदम घोडबंदर रोडवर उतरले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आमचे स्नेही दीडला घरी पोहोचले, हातपाय धुऊन टेबलाशी बसले, एका क्लिकमध्ये सर्व्हरला लागले आणि रात्री नऊपर्यंत त्यांनी दोन दिवसांचं काम उरकलं.

गुरुवारी सिस्टिमनं दाखवलं: बुधवार, गैरहजर. सकाळी नेट यायच्या-जायच्या बेतात असताना मारलेला अंगठा पोहोचलाच नव्हता आणि संध्याकाळी तर अंगठाच नव्हता. हजेरी दुरुस्त करायचा एक फॉर्म असतो. स्नेह्यांनी शुक्रवारी तब्येत बरी नव्हती म्हणून घरूनच तो भरायचा प्रयत्न केला. उघडेना. सुरक्षेच्या कारणास्तव तो फक्त ऑफिसच्या नेटवरून उघडतो. मग त्यांनी एचआरला फोन लावला आणि सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं, खड्डा, फायबर, कंपनीचाच मेल, नऊपर्यंतचं काम, सर्व्हरच्या लॉगमध्ये असलेली मिनिटामिनिटाची नोंद. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना पटलंही. म्हणाल्या, ‘‘सर, असं फोनवर नाही होणार. तुम्ही सोमवारी या ना, प्रत्यक्ष बोलू. मी त्या दिवशी घरून काम करतेय, पण तुम्ही तिथे आलात की मला व्हिडिओ कॉल लावा.’’