उतारभाऊ

दवनीवाड्याच्या शिवारात कुठंही उभं राहा, जमीन ताटासारखी सपाट दिसते. धानाच्या बांध्या म्हटल्यावर तसंच असणार. पाणी साचून राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माती सारखी करून ठेवलेली. पलीकडची वैनगंगासुद्धा इथे कसल्या घाईत नसते. धानाला हा सपाटपणा फार मानवतो. जुन्या डिझेल पिकअपला तो मुळीच मानवत नाही. म्हणून आमच्याकडे एका खास जातीचा माणूस निपजतो. त्याचं खरं नाव आधार कार्डावर असेल. गावात तो उतारभाऊ.

उतारभाऊ दुरूनच ओळखू येतो. लग्नाला गेला की मांडवाकडे न बघता आधी जमिनीकडे बघतो. चपलेच्या टोकानं एक खडा लोटतो. खडा चार बोटं घरंगळला की चेहरा खुलतो. बाकीचे लोक सावली बघून गाडी लावतात, हा उतार बघून लावतो. मग तो उतार मांडवापासून अर्धा किलोमीटर लांब, नाल्याच्या पुलाशी, उकिरड्याला लागून का असेना. नवरदेवाच्या आत्याला तिथून शालू सावरत चालत यावं लागतं, हा आत्याचा प्रश्न.

भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्यानं पाण्याखालची चांगली बांधी मागितली. सातबाऱ्याचा उतारा हातात घेऊन सगळे भांडायच्या तयारीनं बसले होते. उतारभाऊनं तलावाच्या पाळीला लागलेली चिंचोळी पट्टी मागून घेतली. तिथे धान होत नाही, कारण पाणी ठरत नाही. पाणी ठरत नाही म्हणूनच त्याला ती हवी होती. आज ती पट्टी म्हणजे त्याच्या पिकअपचा गोठा आहे.

पिकअप एमएच ३५ पासिंगची. रंग कोणे एके काळी पांढरा. मे महिन्यात तिला किल्ली नुसती दाखवली तरी सुरू होते. पण डिसेंबर-जानेवारीत पारा सात-आठ अंशांवर उतरला की ती आजारी सासूसारखी पांघरुणातूनच कण्हते. पेपरात ‘विदर्भात गोंदिया सर्वांत थंड’ अशी बातमी येते, तेव्हा जिल्ह्याचं नाव छापून आलं म्हणून बाकीचे खूश होतात. उतारभाऊ त्या दिवशीचा पेपर गाडीत ठेवू देत नाही.

“गाडीले राग नाई गा,” तो समजावतो, “तिले थंडी वाजून रायली.”

हे त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पेट्रोलची गाडी ठिणगीवर पेटते, डिझेलची नुसत्या गरम हवेवर. इंजिन हवा दाबून दाबून विसाव्या हिश्श्याएवढी करतं. सायकलचा पंप मारताना बुडाशी चटका बसतो ना, तशी ती हवा तापते. फक्त इथे पाचशे अंशांच्या वर. त्यात डिझेलचा फवारा पडला की भडका. थंडीत मात्र गारठलेलं लोखंड ती ऊब पिऊन टाकतं, झिजलेल्या रिंगांमधून हवा निसटते, ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि बॅटरी अर्धमेली पडते. म्हणजे ज्या पहाटे जोर जास्त लागतो, नेमक्या त्याच पहाटे अंगात तो नसतो. साठीच्या पुढच्या कोणत्याही माणसाला हे शास्त्र पुस्तकाशिवाय कळतं.

पहाटे चारला वांगी, टमाटर, शिंगाडे भरून त्याला गोंदियाचा बाजार गाठायचा असतो. कानटोपी, त्यावर मफलर, तोंडात वाफ. बॅटरी रात्रभर घरात गोधडीत निजलेली असते. तिला लेकरासारखं कडेवर आणायचं, टोकांवरची हिरवट-पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची, वायर आवळायची. मग किल्ली अर्धी फिरवून हीटरचा दिवा. चार हीटरांपैकी दोन केव्हाच वारलेत. उरलेले दोघे खटल्याच्या घराचा भार वाहतात. म्हणून दिवा विझला तरी उतारभाऊ वरून वीस आकडे मोजतो. आणि सेल्फ.

घ्रूंऽ… घ्रूंऽ… घ्र… टक्.

“दहा सेकंदाच्या वर मारू नोको, सेल्फ जळते,” हे तो स्वतःलाच मोठ्यानं सांगतो. मग बॉनेट उघडतं. डिझेलचा पाइप कुठंतरी चिरलाय. रात्रीतून डिझेल टाकीत परततं आणि त्याच्या जागी हवा येऊन बसते. फिल्टरवरचा बोल्ट पान्यानं सैल करून तो हातपंप दाबत राहतो. आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग अडखळती धार. धार अखंड झाली की बोल्ट आवळायचा. टॉर्चच्या उजेडात ती धार बघताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो मी काकड आरतीतही पाहिलेला नाही. बोटांना लागलेला डिझेलचा वास मग दिवसभर चहाला येतो.

एव्हाना शेकोटीवरून सल्लागार उठून आलेले असतात. एक म्हणतो, जळता बोळा हवेच्या तोंडाशी धर. हा प्रयोग मागं एकानं केला होता. गाडी सुरू झाली नाही, मिशी मात्र गेली. दुसऱ्यानं कुठंतरी वाचलंय की २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांतही न गोठणारं डिझेल काढलं. “तेच आन न जी, भाऊ!” उतारभाऊ शांतपणे विचारतो, “आनाले जाऊ कशात?”

सल्ले संपले की तो चाकाखालच्या धोंड्याकडे वळतो. हँडब्रेकवर त्याचा विश्वास नाही. धोंडा काढायचा मान गल्लीतल्या एका पोराचा. किल्ली चालू, क्लच दाबलेला, दुसरा गिअर. धोंडा निघतो, गाडी आधी विचार करते, मग पाळीवरून अंधारात घरंगळते. दहा हात, वीस हात… क्लच सोडला की एक आचका, शिंगाड्याचं पोतं उडतं, आणि काळ्या धुराआडून ‘धडधडधड’ ऐकू येतं. अर्धं गाव त्या आवाजावर उठतं. शेकोटीवरचे मात्र थोडे हिरमुसतात, कारण धक्का द्यायचा राहून गेला.

थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेला तेव्हाची गोष्ट. मुलगा नोकरीवाला, घर पक्कं, धानाची शेती. परत येताना बायकोनं विचारलं, “कसं वाटलं जी?” हा म्हणाला, “बाकी सारं बेस हाय, पन आंगनाले उतार नाई.”

यंदा पोरानं नवी बॅटरी आणली, चारही हीटर बदलले, चिरलेला पाइप काढून टाकला. पहिल्याच थंडीत गाडीनं पहिल्या सेल्फला उचल खाल्ली. उतारभाऊ दचकला. बंद करून पुन्हा लावून बघितली. पुन्हा सुरू. त्या संध्याकाळी मी पाळीवरून येत होतो, तर पिकअप उतारावर, चाकाखाली धोंडा.

“आता कशाले, भाऊ?”

“बॅटरी दुकानातली हाय. उतार देवाचा.” धोंडा पायानं नीट सरकवत तो पुढे म्हणाला, “गाडी पायटे चालू होत नसते गा. ते आदल्या दिशी सांजेलेच चालू करून ठेवा लागते.”

चहाला घरात बोलावलं म्हणून गेलो. त्याची खाट बघितली. उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा होत्या. डॉक्टरनं आम्लपित्तासाठी सांगितलंय, असं वहिनी म्हणाल्या. मी मान डोलावली. पण पायथ्याच्या पायांशी एक छोटा धोंडाही लावलेला होता.