चार अंकांचे ऐंशी

मार्व्हलच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या कॉमिकचा 1984 सालचा पहिला अंक परवा पुन्हा चाळला. किंमत 75 सेंट. मुखपृष्ठावर स्पष्ट छापलंय, ही फक्त चार अंकांची मालिका. आपल्याकडचं ‘रस्ता तात्पुरता बंद’ आठवलं. प्रत्यक्षात अंक निघाले 80, आणि 1991च्या शेवटच्या अंकावर संपादकांनी स्वतःच कोडगेपणाने छापलं: ‘चार अंकांच्या मालिकेतला 80वा’!

आत गोष्ट सुरू होते न होते तोच यंत्रमानव ओळीने उभे राहून आपापलं नाव आणि कसब सांगू लागतात. थेट स्नेहसंमेलनातला पाहुण्यांचा परिचय, फक्त शाल-श्रीफळ नाही. कारण उघड आहे. जपानच्या टाकारा कंपनीची खेळणी हॅस्ब्रो या खेळणी कंपनीला अमेरिकेत खपवायची होती. कथा म्हणजे दुकानदाराची यादी, वर फुगे काढलेली.

एक जागा मात्र भन्नाट. चाळीस लाख वर्षं ओरेगॉनच्या डोंगरात पडून राहिलेलं या यंत्रमानवांचं यान जागं होतं, पाहणी करतं आणि गाड्या-विमानांनाच इथले सजीव समजून सगळ्यांना त्याच रूपात दुरुस्त करतं. माणूस हिशेबातच नाही.

पुण्यात संध्याकाळी सहाला पाहणी केली असती, तरी निष्कर्ष हाच निघाला असता.