दगडपारखी काका

पावसाळा ओसरला की वेल्ह्याच्या किंवा मुळशीच्या ओढ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओणवे उभे असलेले काका दिसतात. गाडीची किल्ली पडली असेल असं समजून मदतीला जाऊ नका. ते घरच्या फिश टँकसाठी दगड निवडताहेत. दुकानात रंगीत खड्यांच्या पिशव्या मिळतात, पण त्यांचं नाव काढलंत की काका तुम्हाला टँकमध्ये प्लास्टिकची जलपरी ठेवणाऱ्यांच्या पंगतीत बसवतात.

दैव असं की काकांच्या वाट्याला सह्याद्री आला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले आणि मुंबईपासून नागपूरच्या वेशीपर्यंत बसाल्टच बसाल्ट झाला. ओळखायला उरलं काय? तरी काका प्रत्येक दगड ओला करतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि निकाल देतात, "बसाल्ट." मग दुसरा. "हाही बसाल्टच. पण जरा वेगळा."

पांढरे ठिपके असलेला सापडला की मात्र चेहरा उजळतो. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे झिओलाइटने, गारेने, नाहीतर कॅल्साइटने भरतात. यातलं कॅल्साइट लबाड: हळूहळू विरघळतं आणि पाणी जड करतं. म्हणून चाचणी. कॅल्साइटवर सुरीचा ओरखडा उठतो, गारेवर उठत नाही. काकांच्या घरी एकाही सुरीला धार नाही ती यामुळे. नंतर ठिपक्यावर व्हिनेगरचा थेंब टाकायचा. फसफसलं तर कॅल्साइट. व्हिनेगर मिळमिळीत पडलं म्हणून काकांनी बाथरूम धुवायचं ॲसिड आणलं, आणि ते ताजं आहे का हे पाहायला थेंबभर फरशीवर टाकलं. फरशी शहाबादी, म्हणजे अस्सल चुनखडी. काय फसफसली! काका हरखले. काकूंनी त्या डागावर आता कुंडी ठेवली आहे.

एवढं करून टँकमध्ये पोहतात गप्पी. गप्पींना जड पाणीच मानवतं, आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी तर असं की गीझरमध्ये क्षारांचे थर साचतात. शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने हे सांगून पाहिलं. काका शांतपणे म्हणाले, "बाळा, प्रश्न गप्पींचा नाहीच आहे."

परवा ते नर्मदेचा बाण हातात घेऊन देव्हाऱ्यापाशी उभे होते. खिशातून ड्रॉपर डोकावत होता. देव्हाऱ्याची किल्ली सध्या काकूंच्या कमरेला असते.