‘तुटत नाही’ म्हणून गट्टू विकणाऱ्या शेठना खुले पत्र

शेठ,

‘स. न. वि. वि.’ लिहायला हात उठत नाही, म्हणून थेट विषयावर येतो. तुमचं नाव लिहायची गरज नाही. डिसेंबर लागला की नाशिकमध्ये द्वारका चौकापासून काठे गल्लीपर्यंत आणि तिकडे वडाळा नाक्यापर्यंत शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, की दर्शनी फळीवर सुती रीळ मांडलेले असतात आणि खरा धंदा काउंटरच्या खाली चालतो. ओळखीचं पोरगं आलं की तुम्ही इकडेतिकडे बघता, खालून नायलॉन मांजाचं रीळ, म्हणजे गट्टू, काढता, वर्तमानपत्रात गुंडाळता आणि सोबत हमी देता, “बिनधास्त घेऊन जा. तुटत नाही.”

ही हमी मात्र शंभर टक्के खरी आहे. तुमचा मांजा झाडात अडकला तरी तुटत नाही. घारीच्या पंखात गुंतला तरी तुटत नाही. दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाच्या गळ्याला लागला तरी तुटत नाही. 2020 च्या डिसेंबरअखेरीस द्वारकेच्या उड्डाणपुलावर दुचाकीवरून जाणाऱ्या एका महिलेचा गळा नायलॉन मांजाने चिरला आणि ती वाचली नाही. 2025 च्या ऐन संक्रांतीला पाथर्डी फाट्यावर एक तरुण तसाच गेला. दोघांनीही पतंग हातात धरला नव्हता. ते फक्त रस्त्याने चालले होते.

द्वारकेचा पूल आणि तुमचा माल यांचं गणित एकदा समजून घ्या. मुंबई-आग्रा महामार्ग इथे उचलून घेतला आहे, म्हणजे पुलावरचा रस्ता आजूबाजूच्या गच्च्यांच्या उंचीला आला. गच्चीवर पतंग कटला की तो मागे लांबलचक दोरा ओढत खाली येतो आणि दोरा पुलाच्या कठड्यांवर, दिव्याच्या खांबांवर आडवा पडतो. ताशी 40 किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. केसासारखा बारीक, उन्हात न दिसणारा दोरा तेवढ्यात दिसणार कुणाला? सुती दोरा असता तर बहुतेक वेळा झटक्यासरशी तुटला असता, फार तर चरा उमटला असता. नायलॉन आधी ताणला जातो, ताण धरून ठेवतो आणि कातडीवरून सरकत राहतो. नागपुरात संक्रांतीला उड्डाणपूल दुचाकींसाठी बंद ठेवावे लागतात. तुमच्यासारख्यांच्या मालापायी शहरं आपलेच रस्ते बंद करतात, शेठ.

तुम्ही पतंगाचा धंदा करता असं सांगता. पतंगाशी तुमचा संबंध काय, हे मला विचारायचं आहे. कारण ज्यांनी घरी पतंग केले त्यांना सामानाची पारख असते, आणि ती पारख तुमच्या दुकानात कुठेच दिसत नाही.

कमानीची कामटी बुरुडाकडून आणायची तर आधी पेर कुठे आलं आहे ते बघावं लागतं. पेर एका अंगाला आलं तर कमान दोन्ही बाजूंनी सारखी वाकत नाही, मग पतंग कन्नी खात राहतो. म्हणून कामटी बोटावर मधोमध तोलून धरायची, जी बाजू खाली झुकेल ती काचेच्या तुकड्याने हलकेच तासायची, पुन्हा तोलायची. दोन्ही टोकं स्थिर राहिली की मगच ती कमान. मधली उभी काडी, म्हणजे धड्डा, त्याहून जाड हवा आणि त्याची पाठ, म्हणजे बांबूची चकचकीत बाजू, शाबूत हवी. कागदाचा ताव उजेडासमोर धरून विरळ जागा पाहायच्या. खळ मैद्याची, मंद आचेवर सतत ढवळलेली, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. यातली एकही वस्तू महाग नाही. पण प्रत्येक वस्तूमागे एक ओळखीचा पुरवठादार असतो आणि बांबू ओला लागला तर त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन जाब विचारता येतो.

दोऱ्याची पारख सगळ्यात कसोटीची. जुने पतंगबाज रिळातून हातभर दोरा उलगडतात, पीळ सारखा आहे का बघतात, गाठ बोटांनी चाचपतात आणि मग दोन्ही हातांत ताणून तो मुद्दाम तोडतात. किती जोराला तुटतो ते कळल्याशिवाय किती खेच द्यायची आणि कुठे ढील सोडायची हे कळत नाही. पतंगाची काटाकाटी ही दोन तुटणाऱ्या दोऱ्यांमधली लढत आहे. तुम्ही त्या लढतीत न तुटणारा दोरा आणून ठेवला, आणि ढील देण्याची सगळी कला एका पिढीच्या हातातून गेली. आता पोरं नुसती ओढतात. ओढणाऱ्याकडे गट्टू असला की झालं, हातात कसब असायची गरज उरली नाही.

येवल्याला जाऊन या एकदा. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तिथे गच्च्यांवर गाव असतं, हलकडी वाजत असते. दोरा गुंडाळायच्या तिथल्या आसाऱ्या बघा. आसारीची पाती कशी बसवली आहेत, दांडा तळहातावर किती हलका फिरतो, दोरा सोडताना कुठेही अडत कसा नाही ते बघा. बांबू आणणारा, तासणारा, आसारी जोडणारा, रंग देणारा, मांजा सुतणारा, अशा किती घरांची चूल या सणावर पेटते. सुती मांजा सुतायला दोन खांबांमध्ये दोरा फिरवत तासन्‌तास उन्हात उभं राहावं लागतं. तुमचा गट्टू कारखान्यातून तयार येतो, स्वस्त पडतो, म्हणून पोरं तो घेतात आणि सुतणारा बसून राहतो. गट्टूला ‘चायनीज मांजा’ म्हणून तुम्ही सुटता, पण हा धागा आपल्याच देशातल्या कारखान्यांतही निघतो. काही गट्टूंवर तर ‘पतंगासाठी नाही’ असं छापलेलं असतं. बनवणाऱ्याने कागदोपत्री हात झटकले, आणि तुम्ही तो पतंगासाठीच विकता.

काच लावलेला सुती मांजाही कापतो, हे मला मान्य आहे. बोटं कापतात, पाखरंही जखमी होतात. म्हणून माझं म्हणणं तर याच्याही पुढचं आहे. पोरांच्या हातात काच नसलेला साधा दोराच द्यावा. पण सुती दोरा पावसात कुजतो, पुढच्या वर्षी झाडावर उरत नाही. तुमचा उरतो. नाशिकहून येवल्याच्या वाटेवर निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं. हिवाळ्यात दूरदूरहून पाखरं तिथे उतरतात, नेमकी तुमच्या हंगामात. संध्याकाळी थवे परतायची आणि गच्च्यांवर सगळ्यात जास्त पतंग चढायची वेळ एकच. मागच्या वर्षीचे, त्याच्या मागच्या वर्षीचे तुकडे बाभळीला लटकलेले असतातच. पाय गुंतलेला बगळा सुटण्यासाठी जितका फडफडतो तितका फास घट्ट होतो. ते बघायला तुम्ही कधी गेलात का?

तुमचं उत्तर मला माहीत आहे. “गिऱ्हाईक मागतं, मी नाही विकला तर शेजारचा विकेल.” शेठ, आठवीतल्या पोराने मागितलं म्हणून तुम्ही त्याला दारू विकाल का? नाही ना? मग त्याच पोराला हा दोरा कसा विकता? तो कापतो हे त्याला नीट ठाऊक नसतं, तुम्हाला पुरतं ठाऊक असतं. म्हणून तर वर्तमानपत्र गुंडाळता.

कायद्याचं म्हणाल तर 11 जुलै 2017 ला राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन आणि कोणत्याही कृत्रिम, न कुजणाऱ्या मांजावर देशभर बंदी घातली. तो बनवायचा नाही, साठवायचा नाही, विकायचा नाही, वापरायचा नाही. दरवर्षी नाशिकमध्ये छापे पडतात, गट्टू जप्त होतात, गुन्हे दाखल होतात, विक्रेत्यांवर तडीपारीची कारवाईही झाली. तरी पुढच्या डिसेंबरात काउंटरखालचा खोका भरलेला असतो. याचा अर्थ एवढाच की तुम्ही दंड हिशेबात धरून ठेवला आहे आणि गळे हिशेबात धरलेले नाहीत.

माझी मागणी साधी आहे. तो खोका पोलिसांकडे जमा करा, आणि गट्टू तुम्हाला कोण पोचवतो त्याचं नाव सांगा. छाप्यात छोटी दुकानं सापडतात, घाऊक माल उतरवणारा सापडत नाही. तो तुम्हाला माहीत आहे. ते नाव दिलंत तर पुढच्या संक्रांतीला पुलावरून जाणाऱ्यांवर तुमचे उपकार होतील, आणि तेव्हा तुम्हाला ‘स. न. वि. वि.’ लिहायला मला आनंद वाटेल.

हे पत्र वाचणाऱ्या आईबापांनाही सांगतो. पोराने आणलेला दोरा हातात घ्या आणि वीतभर तुकडा काडीने पेटवून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटांत चुरडली जाते. नायलॉन वितळतो, आक्रसतो आणि टोकाला कडक मणी धरतो. मणी दिसला तर आसारीवरचा सगळा दोरा उतरवून घ्या, रस्त्यावर किंवा कचऱ्यात मोकळा टाकू नका, बारीक कापून बंद डब्यात ठेवा आणि पोराला येवल्याचा सुती दोरा आणून द्या. दुकानात गट्टू विकताना कुणी दिसला तर 112 वर फोन करा.