चिखलाचा परवाना

१८७८ साली अमेरिकेतल्या टग फोर्क नदीकाठी हॅटफिल्ड आणि मॅकॉय ही घराणी एका डुकरावरून कोर्टात गेली आणि पुढे एकमेकांचे मुडदे पाडत राहिली. (बांधावरून डोकी फोडणाऱ्यांना नवल वाटू नये.) आज वेस्ट व्हर्जिनियात त्याच जोडनावाने हजार मैलांहून जास्त वाटा आहेत. परवाना काढा, हेल्मेट चढवा, एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी छोटी गाडी) चिखलात घाला. जमीन बहुतेक कोळसा आणि लाकूड कंपन्यांची, म्हणजे खासगी. मालक एवढे दिलदार कसे? १९९६ च्या राज्याच्या कायद्याने या वाटांसाठी प्राधिकरण नेमलं. कुणी आपटलंच, तर खटल्याची झळ मालकाला लागू नये अशी सोय केली. डोंगर पोखरून झाले, आता उरलेल्या खडबडीतपणाला पर्यटन म्हणायचं. आमच्या गल्लीतही तेवढेच खड्डे आहेत, पण परवाना अजून कुणी मागितलेला नाही.