झाकणाखालचे शास्त्र : नवसंग्राहकासाठी विधिनिषेध

घड्याळसंग्रहाच्या शास्त्रात प्रवेश करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे मनाशी पक्के करावे की संग्राहकाचा संबंध वेळेशी नसून मशीनशी, म्हणजे तबकडी आणि मागचे झाकण यांच्यामध्ये बसवलेल्या चक्रांच्या आणि स्प्रिंगांच्या यंत्रणेशी असतो. किती वाजले हे विचारणारा केवळ गिऱ्हाईक होय. ते कोणत्या कॅलिबरवर, म्हणजे मशीनच्या कोणत्या क्रमांकित घडणीवर वाजले, हे विचारणारा संग्राहक. या शास्त्राचा मूलसिद्धान्त एकच आहे : जी गोष्ट जुन्या घड्याळात गुण ठरते तीच नव्यात दोष ठरते, आणि असे का, हे विचारणाऱ्याची दीक्षा अद्याप व्हायची आहे असे समजावे.

सिद्धान्ताचा पहिला प्रयोग ठोक्यांवर करावा. चावी दिल्यावर ताणली गेलेली मुख्य स्प्रिंग उलगडताना जी शक्ती सोडते तिला लगाम घालण्याचे काम बॅलन्स, म्हणजे केसाएवढ्या स्प्रिंगच्या आधाराने मागेपुढे झोके घेणारे चक्र, करते आणि त्याचा प्रत्येक अर्धा झोका हा एक ठोका असतो. जुनी मशीने बहुधा तासाला 18,000 ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. आजची पुष्कळ स्विस मशीने 28,800, म्हणजे आठ. ठोके वाढले की हातवाऱ्यांचा आणि धक्क्यांचा परिणाम घटतो आणि चाल अधिक सारखी राहते, हे पदार्थविज्ञानाचे म्हणणे संग्राहकाने शांतपणे ऐकून घ्यावे. परंतु पाच ठोक्यांचे जुने घड्याळ दिसताच त्याच्या धीरगंभीर चालीची स्तुती करावी आणि सहा ठोक्यांच्या नव्या, स्वस्त जपानी मशीनविषयी ‘काटा अडखळतो’ एवढेच म्हणून चहाचा कप उचलावा. झेनिथ कंपनीच्या 1969 सालच्या ‘एल प्रिमेरो’ या मशीनचे ठोके तासाला 36,000 होते; रोलेक्सने 1988 मध्ये तेच मशीन आपल्या डेटोना घड्याळासाठी घेतले आणि त्याचा वेग 28,800 वर आणला. वेग हा पराक्रम होता आणि तो कमी करणे हा विवेक होता, ही दोन्ही मते एकाच बैठकीत तितक्याच ठामपणे मांडता येणे ही या इयत्तेची परीक्षा होय.

ज्युवेलच्या प्रकरणात फार वेळ घालवू नये. चक्रांच्या आसांची टोके जिथे फिरतात तिथे झीज होऊ नये म्हणून कृत्रिम माणकाचे खडे बसवतात, आणि चावीच्या साध्या मशीनला असे 17 खडे पुरतात. 1960 च्या दशकात ओरिएंटसारख्या कंपन्यांनी त्यांची संख्या 100 पर्यंत नेली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य खड्यांना शोभेखेरीज काम नव्हते. नव्या घड्याळाने हे केले असते तर ती फसवणूक झाली असती; साठ वर्षांपूर्वी केले म्हणून तो काळाचा लोभस भाबडेपणा झाला. हे खडे सराफाकडे नेऊ नयेत.

त्याहून गहन विषय कुळाचा आहे. आजच्या संग्राहकाने घड्याळ हाती घेताच मशीन कंपनीचे स्वतःचे आहे की बाहेरून आणलेले, हे विचारावे, आणि उत्तरात ‘ईटा 2824’ हे नाव आले तर घड्याळ हळूच खाली ठेवावे, कारण हे मशीन वर्षानुवर्षे असंख्य कंपन्यांनी वापरलेले असून ते अचूक चालते, जवळपास कोणत्याही जाणत्या कारागिराला उघडता येते आणि त्याचे सुटे भाग मिळतात. असे तीन दोष एकत्र आल्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. मात्र जुन्या डेटोना घड्याळांत वाल्जू कारखान्याचे मशीन होते, आणि चंद्रावर गेलेल्या ओमेगाच्या स्पीडमास्टरमध्ये लेमानियाकडून आलेले होते, ज्याच्या पायावर पुढे पाटेक फिलिपनेही आपली क्रोनोग्राफ, म्हणजे काळ मोजण्याची कळ असलेली, घड्याळे उभी केली. या ठिकाणी उसनवारी हा शब्द निषिद्ध असून ‘परंपरा’ हा शब्द योजावा.

मराठी संग्राहकाला या शास्त्राची खरी कसोटी घराजवळच द्यावी लागते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि जनता, सोना, पायलट अशा नावांची चावीची घड्याळे लग्नात जावयाच्या आणि निवृत्तीला कारकुनाच्या मनगटावर चढली. ती बाजारात सहज मिळत होती तोवर संग्राहकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही. 2016 मध्ये सरकारने घड्याळांची ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतल्यावर त्यांच्या अंगी एकाएकी सौंदर्य आले. या कालक्रमावर भाष्य करू नये.

परंतु याच बाजारात ‘मुंबई स्पेशल’ नावाचा प्रकार भेटतो. परदेशी संग्राहक हे नाव तुच्छतेने घेतात आणि त्याने असे जुने घड्याळ सुचवतात की ज्याचे मशीन एका घड्याळाचे, काटे दुसऱ्याचे, पेटी तिसऱ्याची आणि तबकडी नव्याने रंगवलेली, तीही कारखान्याने कधी न वापरलेल्या पोपटी किंवा शेंदरी रंगात, असते. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना प्रक्षिप्त ओव्या जशा वेगळ्या काढल्या तशी संग्राहकाने या घड्याळाची चिकित्सा करावी : अक्षरांचे वळण तपासावे, छापील नाव आणि मशीनवर कोरलेले नाव जुळते का ते पाहावे, आणि जुळत नसल्यास सुस्कारा टाकावा. हेच काम जिनिव्हातील कंपनीच्या कार्यशाळेत, मूळ नमुना समोर ठेवून आणि शंभरपट पैसे घेऊन झाले तर त्यास पुनरुज्जीवन म्हणतात. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर तीन बंद घड्याळांतून एक चालू घड्याळ उभे करणाऱ्या मुंबईच्या कारागिराने या शास्त्राचा एकच अपराध केला, तो म्हणजे रंग निवडताना त्याने गिऱ्हाइकाची आवड विचारली.

सेलवरच्या घड्याळांचा तिरस्कार मात्र अनिवार्य आहे, आणि त्यांचा अचूकपणा पाहता तो बराच परिश्रमाने कमवावा लागतो. आज त्यांतील क्वार्ट्झचा स्फटिक विजेच्या प्रभावाने बहुधा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो आणि सेकंदकाटा एक पाऊल टाकतो. स्फटिकाच्या अशा नियमित कंपनांमुळे सेइकोचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, 25 डिसेंबर 1969 रोजी आलेले ‘ॲस्ट्रॉन’, महिन्याला पाच सेकंदांच्या आत चुकत असे. उलट यांत्रिक घड्याळाला स्विस संस्थेचे क्रोनोमीटर, म्हणजे प्रमाणित अचूकतेचे, प्रमाणपत्र मिळण्यास दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट आहे. म्हणून सेलचे घड्याळ निर्जीव मानावे. ॲस्ट्रॉन स्वतः आता जुने झाल्यामुळे त्याला सजीव मानण्यास हरकत नाही.

अखेरचा विधी कारागिराकडे जाण्याचा. चालू घड्याळ त्याच्यापुढे ठेवल्यावर तो डोळ्यावरचे भिंग न काढता ‘चालतंय ना? मग उघडायचं कशाला?’ असे विचारील. या प्रश्नाचे शास्त्रसंमत उत्तर नसल्याने ‘मशीन बघायचंय’ एवढेच बोलावे आणि स्टुलावर बसावे. तो झाकण उघडील, मशीन पाहून मान हलवील, खणातून तसलीच दोन मशीने काढून काचेवर ठेवील आणि यातले एक बसवून देऊ का, तबकडी कोणत्या रंगाची हवी, असे विचारील. दुकानात दुसरा कोणी संग्राहक नाही याची खात्री करून मगच रंग सांगावा.